थंड हवा की गरम हवा? गाडीच्या इंजिनातून घनतेचा धडा



आठवी-नववीपासून पुढच्या मुलांना गाड्यांचं किती वेड असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघताना एक वाक्य त्यांच्या कानावर हमखास पडतं, "कोल्ड एअर इनटेक बसवा आणि गाडीची ताकद वाढवा." कॉलेजला जाईपर्यंत हीच मुलं घरी हट्ट धरतात आणि पालकांच्या खिशाला हजारोंची कात्री लागते.

अशा वेळी "गप्प बस, अभ्यास कर" म्हणून विषय संपवू नका. हा अभ्यासच आहे! घनता, चार्ल्सचा नियम, ज्वलन, बाष्पीभवन हे सगळे घटक या एका प्रश्नात येतात. शिवाय जाहिरातीतला दावा कसा तपासायचा, हेही मुलं शिकतात. चला तर मग, क्रमाने पाहूया.

इंजिनाचा श्वास

पेट्रोल जळायला ऑक्सिजन लागतो. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे गाडीच्या टाकीत आपण फक्त पेट्रोल भरतो, पण त्याच्या जवळजवळ पंधरा पट वजनाची हवा इंजिन स्वतःच ओढून घेत असतं. ही हवा ज्या नळीतून आणि फिल्टरमधून आत जाते, तो भाग म्हणजे इनटेक.

इंजिनाचं सिलिंडर म्हणजे एक ठरावीक मापाचं भांडं. त्यात हवा मापाने, म्हणजे लिटरमध्ये भरते. ज्वलनाचा हिशेब मात्र वजनाने, म्हणजे ग्रॅममध्ये होतो. आपला सगळा धडा या एका फरकावर उभा आहे.

कृती १ : बाटली आणि फुगा

साहित्य : प्लॅस्टिकची रिकामी बाटली, फुगा, गरम पाणी, बर्फाचं पाणी, दोन पातेली.

बाटलीच्या तोंडावर फुगा घट्ट बसवा. बाटली गरम पाण्यात धरली की फुगा हळूहळू उभा राहतो. तीच बाटली बर्फाच्या पाण्यात धरली की फुगा आक्रसतो. मुलांना विचारा, "आतली हवा वाढली का? कमी झाली का?" उत्तर : नाही. हवा तेवढीच आहे, फक्त तिने व्यापलेली जागा बदलली. म्हणजे एक लिटर गरम हवेत वस्तुमान कमी आणि एक लिटर थंड हवेत जास्त.

इथे मुलं हमखास एक चूक करतात. "थंड हवेत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असतं" असं लिहून मोकळी होतात. तसं नाही. थंड असो वा गरम, हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्केच असतो. थंड हवेत रेणू जवळजवळ असतात, म्हणून प्रत्येक लिटरमागे एकूण हवा जास्त मिळते आणि त्याबरोबर ऑक्सिजनही जास्त मिळतो.

आता आकडेमोड

१.६ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय असं धरू. फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांत एकदा हवा आत येते. म्हणजे १५०० वेळा १.६ लिटर, एकूण २४०० लिटर हवा. (सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतं असं मानलं आहे.)

- ३० अंश सेल्सिअसला १ लिटर हवेचं वस्तुमान सुमारे १.१६ ग्रॅम. एकूण हवा साधारण २.८ किलो. त्यात जळू शकेल असं पेट्रोल सुमारे १९० ग्रॅम.
- ६० अंश सेल्सिअसला १ लिटर हवेचं वस्तुमान सुमारे १.०६ ग्रॅम. एकूण हवा साधारण २.५ किलो. पेट्रोल सुमारे १७३ ग्रॅम.

फरक ९ टक्क्यांचा. मुलं म्हणतील, "सर, तापमान तर दुप्पट झालं, मग हवा निम्मी का नाही झाली?" हा प्रश्न आला तर समजा तास सार्थकी लागला. कारण चार्ल्सचा नियम सेल्सिअसवर नाही, केल्विनवर चालतो. ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन, ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन. ३०३ ला ३३३ ने भागा, उत्तर येतं ०.९१. केल्विन कशासाठी शिकायचं, याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

थंड हवेचा आणखी एक फायदा आहे. गरम मिश्रण दाबलं की ते ठिणगी पडण्याच्या बेतापेक्षा वेगळंच, आपोआप पेट घेऊ शकतं. त्याला आपले मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. ते टाळण्यासाठी आजच्या गाड्यांतला संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि ताकद आणखी घटते.

म्हणूनच वेगवान गाड्या बनवणाऱ्यांनी थंड हवेसाठी नाना युक्त्या केल्या. १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरोमध्ये एक खास बॉनेट मिळत असे. ते समोरच्या काचेच्या पायथ्याशी दाबली जाणारी बाहेरची हवा आत घेई. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटमध्ये तर पुढच्या एका दिव्याच्या जागीच हवेचं तोंड दिलं होतं! टर्बो असलेल्या गाडीत हवा दाबली जाताना तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून मगच इंजिनात सोडतात.

मग गरम हवा कोणाला हवी?

आता धड्याची दुसरी बाजू. १९७० च्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन गाड्यांत एअर फिल्टरच्या नळीत एक झडप असे. इंजिन गार असताना ती झडप सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या नळीभोवतीची गरम हवा आत घेई. इंजिन तापलं की झडप फिरून बाहेरची गार हवा घेई. एकाच गाडीत दोन्ही सोयी! का बरं?

कारण गार हवेत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. शिवाय बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते. आपल्या माठातलं पाणी याच कारणाने गार होतं. दमट, गार हवेत जुन्या कार्बुरेटरच्या आत याच कारणाने चक्क बर्फ साचू शकतो. सेस्ना १५२ सारख्या छोट्या विमानांत त्यासाठी वैमानिकाजवळ गरम हवेचा खटका असतो. उड्डाणाआधी तो ओढून तपासतात, तेव्हा इंजिनाचे फेरे किंचित कमी होतात. आपलं वरचं गणित तिथे डायलवर दिसतं!

दुसरं कारण मायलेजचं. त्यासाठी ही कृती करा.

कृती २ : पिचकारी

सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या. तोंड मोकळं ठेवून दट्ट्या ओढा, सहज येतो. आता तोंडावर बोट दाबून ओढा. जोर लागतो ना? सावकाश चालणाऱ्या पेट्रोल गाडीत थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते. त्यामुळे इंजिनाला हवा ओढायलाच काही ताकद खर्चावी लागते. हवा गरम आणि विरळ असेल, तर तेवढाच ऑक्सिजन मिळवायला झडप जास्त उघडावी लागते आणि ओढण्याचे कष्ट कमी होतात. म्हणून थंड देशांतले काही मायलेजवेडे लोक मुद्दाम गरम हवेचा इनटेक बसवतात. फायदा मिळालाच तर थोडा, आणि गाडीगणिक वेगळा. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा मुळातच तापलेली असते, तेव्हा ही युक्ती इथे कामाची नाही.

थोडक्यात, "कोणती हवा चांगली?" हा प्रश्न अपुरा आहे. "कशासाठी चांगली?" हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पूर्ण ताकद हवी तर थंड. गारठ्यात इंजिन सुरळीत चालायला हवं तर काही वेळ गरम.

नावावर जाऊ नका, तापमान मोजा

आता जाहिरातीकडे वळू. मुलांना दोन गोष्टी सांगा.

पहिली, आजच्या बहुतेक गाड्या कंपनीतून येतानाच पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेतात. म्हणजे 'कोल्ड एअर इनटेक' गाडीत आधीपासूनच असतो.

दुसरी, बाजारात मिळणारा चकचकीत शंकूसारखा फिल्टर बऱ्याचदा बॉनेटखाली उघडाच बसवतात. तो इंजिनाच्या कुशीतली तापलेली हवा ओढतो. नाव थंड हवेचं, काम गरम हवेचं! मूळ डबा काढल्यामुळे आवाज मात्र वाढतो आणि आवाज वाढला की गाडी पळाल्यासारखी वाटते. कान म्हणजे मोजमापाचं साधन नव्हे, हे मुलांना इथे पटतं.

खरं काय ते मोजता येतं. गाडीच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडला की आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोबाइलवर दिसतं. सिग्नलला उभं असताना आणि मोकळ्या रस्त्यावर धावताना किती फरक पडतो, ते मुलाला शेजारी बसवून नोंदवायला सांगा. गाडी चालवणाऱ्याने मात्र मोबाइलकडे बघायचं नाही.

पालकांसाठी एक सूचना

काही कोल्ड एअर इनटेकची नळी गार हवेसाठी खाली, बंपरच्या मागे नेलेली असते. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं की हीच जागा आधी बुडते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडायची वेळ येते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, गाडी ढकलून बाहेर काढा. ही गोष्ट मुलांनाही नक्की सांगा. तसंच इनटेक बदलण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचायला विसरू नका.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. हवेचं तापमान ० अंशावरून ४० अंश सेल्सिअसवर गेलं, तर १ लिटर हवेचं वस्तुमान किती टक्क्यांनी घटेल? (दाब तोच धरा.)
२. महाबळेश्वरला हवा गार असते, पण उंचीमुळे हवेचा दाब कमी असतो. तिथे इंजिनाला मुंबईपेक्षा जास्त हवा मिळेल की कमी? उत्तरासाठी आणखी कोणती माहिती लागेल?
३. एका दुकानदाराने बॉनेट उघडं ठेवून, समोर पंखा लावून नव्या इनटेकची चाचणी घेतली. ही चाचणी रस्त्यावरच्या गाडीला लागू पडेल का? कारण द्या.

तिसऱ्या प्रश्नावर मुलांना भरपूर भांडू द्या. दावा ऐकल्यावर "कसं मोजलं?" असं विचारायची सवय एकदा लागली, की ती इनटेकपुरती राहत नाही. पुढे तेलाची, खताची, औषधाची जाहिरात आली तरी ते मूल हाच प्रश्न विचारेल.