आमदारकी लढवायचीय? बिरवाडीकरांसाठी खर्चाचा आणि कागदांचा हिशेब

विधानसभेचा अर्ज भरताना अनामत १० हजार रुपये. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर ५ हजार, त्यासाठी जातीचा दाखला सोबत ठेवा. सरकारदरबारी भरायची मोठी रक्कम एवढीच. बाकीचे पैसे कुठे जातात ते आधी वाचा, मग सातबारा काढायला तलाठ्याकडे जा.

ही अनामत परत मिळेल का? हरलात तरी मिळते, पण एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तरच. दोन लाख वैध मतं झाली तर तुम्हाला किमान ३३,३३४ हवीत. महाड, पोलादपूर आणि माणगावचा काही भाग मिळून झालेल्या या १९४ क्रमांकाच्या मतदारसंघात केवळ बिरवाडी आणि आसपासच्या वाड्यांच्या जोरावर हा आकडा गाठता येत नाही.

अर्ज महाडला, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. अधिसूचना निघाल्यावर मुदत सात दिवसांची, आणि त्यातल्या सार्वजनिक सुट्टीला अर्ज घेत नाहीत. कार्यालयाच्या शंभर मीटरच्या आत तीनच गाड्या, दालनात तुम्ही आणि सोबत चार जण. मिरवणुकीत वेळ घालवू नका. ३ च्या ठोक्याला आत नसलात तर तुमची पाच वर्षं गेली.

वय २५ पूर्ण हवं आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. नाव मुंबईच्या यादीत असेल तर तिथल्या यादीची प्रमाणित प्रत आणा. गावाकडून मुंबईला गेलेले अनेक जण इथेच अडतात. मान्यताप्राप्त पक्षाची उमेदवारी असेल तर एक सूचक पुरतो आणि पक्षाचे ए-बी फॉर्म शेवटच्या दिवशी ३ च्या आत पोहोचावे लागतात. अपक्ष असाल तर दहा सूचक, दहाही याच मतदारसंघाचे मतदार. सूचकाला सही येत नसेल तर अंगठा अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून म्हाताऱ्या माणसाला आणणार असाल तर गाडीची सोय आदल्या दिवशीच करा.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते फॉर्म २६ चं शपथपत्र. तुमची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, प्राप्तिकर, खटले, सरकारी निवासाची थकबाकी, सगळं त्यात येतं. एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. कोरे रकाने नोटीस देऊनही भरले नाहीत तर अर्ज बाद होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच ठरवून दिलं आहे. ‘आम्ही भरून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडून कच्चा खर्डा करून घ्या, पण सही करण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः वाचा. चुकीला जबाबदार तुम्हीच असता.

अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची राहून जाते. ती छाननीच्या दिवसाआधी घ्यावीच लागते आणि तिला पैसे पडत नाहीत. छाननी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर दुसऱ्याच दिवशी होते. माघारीला त्यानंतर दोन दिवस.

ठेकेदार मित्रांनी हे नीट वाचावं. राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी कामाचा करार तुमच्या नावावर चालू असेल तर तुम्ही अपात्र ठरू शकता. रस्त्याचं काम हातात ठेवून अर्ज भरू नका. आधी वकिलाला करार दाखवा.

आता खर्च. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. हा आकडा ऐकून लोक म्हणतात, एवढे आहेत कुणाकडे? प्रश्न तुमच्याकडे किती आहेत हा नाही, तुमच्या नावावर किती लागतात हा आहे. मित्राने जीप फुकट दिली तरी तिचं भाडं तुमच्या खर्चात धरलं जातं. मंडप, खुर्च्या, चहा, वडापाव, हार, सगळ्यांचे दर जिल्हा प्रशासन आधीच ठरवतं आणि तुम्ही कमी दाखवले तर पथकाने केलेल्या चित्रीकरणावरून त्या दराने मोजतं. मोठ्या नेत्याची सभा झाली आणि तुम्ही मंचावर त्यांच्या शेजारी उभे राहिलात तर सभेच्या खर्चाचा वाटा तुमच्या माथी येतो. नेत्याला बोलावण्याआधी तेवढी जागा हिशेबात ठेवा.

अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. कुणाही एकाला १० हजारांवर रोख देऊ नका, कुणाकडून तेवढी रोख घेऊही नका. एमआयडीसीतल्या कुणी पाकीट पुढे केलं तर हात मागे घ्या. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव, पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खासगी भिंत रंगवायची तर मालकाची लेखी परवानगी. गुन्हे दाखल असतील तर ते प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर जाहीर करावे लागतात. त्या जाहिरातींचा खर्चही तुमचाच, आणि नवखे उमेदवार तो धरायलाच विसरतात.

रोजच्या हिशेबाच्या वहीत पांढरी पानं दैनंदिन खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. ती प्रचारात तीनदा तपासली जाते. हे काम पुतण्यावर टाकू नका. खात्रीचा हिशेबनीस नेमा, त्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

थेट विधानसभाच गाठायची असं नाही. महाडचे आमदार भरत गोगावले २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे सलग चार वेळा निवडून आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंत्री झाले, पण त्याआधी ते रायगड जिल्हा परिषदेत होते. २०२४ ला त्यांच्यासमोर लढलेल्या स्नेहल जगताप महाडच्या नगराध्यक्ष राहिलेल्या. तुम्ही पहिल्यांदाच उतरत असाल तर माझं मत स्पष्ट आहे, ग्रामपंचायतीपासून सुरू करा. तिथली अनामत सर्वसाधारण ५०० आणि राखीव १०० रुपये. जिल्हा परिषदेला १,००० आणि ५००. मात्र इथे दोन अपत्यांची अट आहे, जी विधानसभेला नाही, आणि राखीव जागेसाठी जातपडताळणी लागते. पडताळणीला वेळ जातो. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता अर्ज आजच टाका.

घरादाराला एक विनंती. जमीन किंवा बायकोचे दागिने गहाण ठेवून विधानसभा लढू नका. मतांच्या बदल्यात वाटलेल्या पैशाची पावती नसते, तो गुन्हा आहे आणि तो परतही येत नाही.

निकालानंतर थकून झोपू नका. जिंका किंवा हरा, निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे अलिबागला, पोहोचायला हवा. शेवटच्या दिवशी निघू नका. हिशेब दिला नाही आणि त्याला सबळ कारणही नसलं, तर निवडणूक आयोग तीन वर्षं तुम्हाला निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवू शकतो.