मिसरी कामगारांचा हजेरीपट

पेसाहच्या सेदेरला आपण फारोची गुलामी आठवतो. पण साधी मिसरी माणसे कशी राहत? ईलिंगहून सेंट्रल लाईनने हॉबर्नला उतरले की ब्रिटिश म्युझियम जवळच आहे. तेथे चुनखडीच्या दगडावर लिहिलेला एक हजेरीपट आहे. तो दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 40 व्या वर्षाचा, म्हणजे इ. स. पूर्व सुमारे 1250 चा. राजांची थडगी खोदणाऱ्या 40 कारागिरांची नावे त्यात आहेत. गैरहजेरीची कारणे तांबड्या शाईत आहेत : आजार, विंचूदंश, आईचे अंत्यसंस्कार, घरी बीअर करणे. मजुरी धान्यात मिळे.

मिसरी माणसाचा तिटकारा करू नये, आपण त्याच्या देशात परके होतो, असे तोरा बजावते. म्हणून सेदेरला मुलांना फारोबरोबर या कारागिरांचीही गोष्ट सांगावी, असे आम्हांस वाटते.