लढाऊ विमानातून प्रवासी विमानात

लढाऊ विमान चालविणाऱ्यास प्रवासी विमान चालविणे म्हणजे हातचा मळ, असे तुम्हांस वाटेल. वस्तुतः तसे नाही.

चेस्ली सलेनबर्गर हे अमेरिकेच्या वायुदलात ‘फँटम’ हे दोन आसनांचे लढाऊ विमान चालवीत. संकट ओढवलेच, तर आसनासह बाहेर फेकले जाऊन हवाई छत्रीच्या आधारे प्राण वाचविण्याची त्यात सोय असे. 1980 साली वायुदल सोडून ते एका विमान कंपनीत दाखल झाले. अशा कंपनीत ज्येष्ठता दाखल झाल्या दिवसापासून मोजतात. म्हणून काल तुकडीचे नेतृत्व करणाराही आज दुसऱ्या कप्तानाच्या हाताखाली नव्याने धडे गिरवू लागतो. मला तरी हेच अधिक कठीण वाटते! शिवाय प्रवासी विमानात हवाई छत्री नसते. पाठीशी बसलेल्या साऱ्यांचे व वैमानिकाचे दैव एकच.

15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कहून विमान उडताच त्यावर रानहंसांचा थवा आदळला व दोन्ही एंजिनांचा जोर नाहीसा झाला. विमान तेव्हा सहवैमानिक जेफ्री स्काइल्स चालवीत होते. सलेनबर्गर यांनी सूत्रे हाती घेतली. स्काइल्स एंजिने पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीस लागले. जवळचा विमानतळही गाठणे अशक्य दिसताच सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीच्या गारठलेल्या पाण्यावर उतरविले. थवा आदळल्यापासून जेमतेम साडेतीन मिनिटे झाली होती. प्रवासी पंखांवर येऊन उभे राहिले. नौका धावून आल्या. विमानात पाणी चढत असताना, कोणी मागे राहिले नाही ना, हे पाहण्यासाठी सलेनबर्गर दोनदा आतून फिरून आले आणि मगच बाहेर पडले. विमानातील सर्वच्या सर्व 155 माणसे वाचली.