कळा नसताना दवाखान्यात

प्रश्न : इथिओपियात गरोदर बायका बाळंतपणाच्या आधी दोन-तीन आठवडे दवाखान्याच्या आवारातल्या एका घरात जाऊन राहतात, असं वाचलं. बाई धडधाकट, कळा नाहीत, दुखणं नाही. मग घरदार टाकून इतके दिवस तिथे बसायचं कशासाठी? कळा सुरू झाल्यावर गाडी बोलावता येत नाही का? आणि याचा खरंच उपयोग होतो का?
– एक वाचक, ओतूर

उत्तर : तुमच्या प्रश्नातला मधला तुकडा आधी घेते, कारण उरलेलं उत्तर त्यातूनच निघतं.

गाडी बोलावता येते. इथिओपियाच्या सरकारनं ग्रामीण भागात रुग्णवाहिका दिल्या आहेत. पण या देशाचा मोठा भाग उंच पठाराचा, आणि ते पठार खोल दऱ्यांनी चिरलेलं. समोरच्या डोंगरावरची वस्ती डोळ्यांना दिसते, तिथे पोचायचं तर आधी दरी उतरायची आणि मग पलीकडे चढायची. गाडी येते ती सडकेपर्यंत. तिथवर बाईला लाकडाच्या स्ट्रेचरवर घालून गावातली माणसंच खांद्यावरून आणतात, आपल्याकडे मेळघाटात किंवा भामरागडच्या आतल्या गावांतून डोली करून आणतात तसंच. जून ते सप्टेंबर तिथला मोठा पावसाळा. त्या दिवसांत वाट चिखलात जाते आणि ओढ्याला पाणी असतं. कळा तर बहुधा रात्री-अपरात्रीच सुरू झालेल्या असतात.

दुसरीकडे वेळ थांबत नाही. बाळंतपणातल्या एकेका संकटात बाईच्या हाती साधारण किती वेळ असतो, याचा ढोबळ हिशेब जाणकारांनी मांडलेला आहे. मूल अडलं तर तीन दिवस. गर्भाशय फाटलं तर एक दिवस. मूल झाल्यावर अंगावरून जोरात जाऊ लागलं, तर दोन तास. दोन तासांत शेजाऱ्याला उठवायचं, स्ट्रेचर आणायचं, चार खांदे जमवायचे, दरी उतरायची, गाडीची वाट पाहायची. बाईचं रक्त तेवढं थांबत नाही.

बरं, हे कोणाच्या वाट्याला येणार ते आधी ओळखता येत नाही. पहिलटकरीण, ठेंगणी बाई, जुळी, मूल आडवं किंवा पायाळू असणं, आधीचं सिझर, या खुणा माहीत असतात. पण अंगावरून जाण्याचं संकट पुष्कळदा अशा बाईवर येतं, जिची आधीची चार बाळंतपणं घरीच सुखरूप झालेली असतात. ‘मला काय होतंय’ असं ती म्हणते, तेव्हा ती अडाणीपणानं बोलत नसते. तिचा स्वतःचा अनुभव तिला तेच सांगत असतो.

सरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी 1994 साली एका लेखात बाळंतिणींच्या मृत्यूंमागचे तीन उशीर मांडले. दवाखान्यात न्यायचं हे ठरवण्यातला उशीर, तिथे पोचण्यातला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. मांडणी साधी आहे, पण मृत्यूचं खापर एकट्या बाईच्या किंवा तिच्या सासूच्या माथी फोडण्याची सवय तिनं मोडायला लावली. तुम्ही वाचलेलं घर यातल्या पहिल्या दोन उशिरांवरचा उपाय आहे. निर्णय आणि प्रवास दोन्ही कळांच्या रात्रीतून उचलायचे आणि एखाद्या शांत सकाळी आणून ठेवायचे. पाय चालताहेत तोवर, उजेडात, डोकं ठिकाणावर असताना बाई तिथे जाऊन राहते. कळा आल्या की अंगण ओलांडायचं, एवढाच प्रवास उरतो.

दोन-तीन आठवडे का, तर दिवस भरण्याची नेमकी तारीख कोणालाच सांगता येत नाही. ठरलेल्या तारखेलाच जन्मणारी मुलं शंभरात चार-पाच. पाळीची तारीख लिहून ठेवायची सवय नसेल आणि सोनोग्राफी झालेली नसेल, तर अंदाज आणखी सैल होतो. त्यामुळे लवकर जाऊन वाट पाहण्याखेरीज इलाज नाही.

आता उपयोगाचं. अदिस अबाबाच्या नैर्ऋत्येला गुरागे भागात अटाट नावाचं ग्रामीण रुग्णालय आहे. कॅथलिक नन्सनी 1969 मध्ये ते सुरू केलं. तिथे 1976 पासून असं घर आहे. या रुग्णालयातल्या 1987 ते 2008 या बावीस वर्षांच्या 24,148 बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी 6,805 बायका आधी या घरात राहून बाळंत झाल्या होत्या, बाकीच्या थेट आल्या होत्या. आधी राहिलेल्यांमध्ये मातामृत्यूंचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे सुमारे 90 होतं. थेट आलेल्यांमध्ये 1,333. मृत जन्मलेली मुलं पहिल्या गटात हजारी 18 च्या आसपास, दुसऱ्यात 191.

आकडे पाहून कोणीही थबकेल. तरी त्यांची तुलना जपून करायला हवी. थेट आलेल्यांत अनेकजणी घरी अडून, सगळं हाताबाहेर गेल्यावर आणलेल्या असणार. हजारात 191 मुलं मृत जन्मतात याचा अर्थच तो. ज्यांची बाळंतपणं घरी नीट पार पडली त्या बायका या हिशेबात आलेल्याच नाहीत. म्हणून ‘घरामुळे मृत्यू पंधरापट कमी झाले’ असं म्हणणं चूक ठरेल. मात्र आधी राहिलेल्या बायका धोक्याच्या खुणा पाहून निवडलेल्या होत्या, आणि त्यांच्यातले मृत्यू इतके थोडे राहिले, ही गोष्ट मला मोठी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये दुर्गम भागांसाठी अशा घरांची शिफारस केली, तीही पुरावा कच्चा असल्याचं मान्य करूनच.

उलट बाजूचाही एक प्रयोग आहे. इथिओपियातल्याच जिम्मा या कॉफीच्या मुलखात अशी घरं सुधारून, गावच्या पुढाऱ्यांना प्रशिक्षण देऊन, काही गावांत ते करून आणि काहींत न करून रीतसर तुलना केली गेली. दवाखान्यातली बाळंतपणं त्यामुळे ठळकपणे वाढली असं दिसलं नाही. मुळात त्या घरांत राहायला येणाऱ्या बायकाच थोड्या होत्या.

का येत नाहीत? तुमच्या प्रश्नात ‘घरदार टाकून’ असे शब्द आहेत, तिथेच सगळं अडतं. इथिओपियात सरकारी केंद्रातलं बाळंतपण मोफत आहे. पण बाई तिकडे गेली की घरचं पाणी कोण भरणार, सरपण कोण आणणार, धाकटं पोर कोणाजवळ झोपणार? सोबतीला आई किंवा बहीण आली तर तिचंही घर उघडं पडतं. पुष्कळ ठिकाणी पीठमीठ घरूनच न्यावं लागतं. घरात आधीच हातातोंडाची गाठ असेल तर तेवढा शिधा बाजूला काढणं म्हणजे मागे राहिलेल्या मुलांच्या ताटातून काढणं. जायचं की नाही हेही बहुतेक वेळा नवरा आणि सासू ठरवतात. मग बाई म्हणते, पाहू पुढच्या आठवड्यात. तो आठवडा यायच्या आधीच कळा येतात.

वाट पाहणंही सोपं नाही. दिवस उजाडल्यापासून हात चालवायची सवय असलेल्या बाईला रिकामं बसणं जड जातं. अनोळखी बायकांत, भिंतीकडे पाहत, अंघोळीला आडोसा नाही, संडास लांब. अशा ठिकाणी सातव्या-आठव्या दिवशी ती गाठोडं बांधते. मला तर ते नवलाचं वाटत नाही.

हे ओळखून काही केंद्रांनी घरच आवारात आणायचा प्रयत्न केला. कॉफी हा तिथे नुसता घोट नाही. हिरव्या बिया निखाऱ्यावर भाजायच्या, कुटायच्या, मातीच्या सुरईत उकळायच्या आणि शेजारणींना बोलावून तीन वेळा ओतायच्या, असा तो सोहळा असतो. केंद्रातल्या नर्सबाई गरोदर बायकांची बैठक याच कॉफीभोवती भरवतात. धोक्याच्या खुणा, रक्तदाब, दवाखान्याची भीती, सगळी बोलणी तिथे होतात.

पेरू देशातलं एक उदाहरण इथे आठवतं. अयाकुचो भागातल्या सांतियानातल्या बायका दवाखान्यात जात नव्हत्या, कारण तिथे पाठीवर झोपवून, पाय टांगून बाळंत करत. त्यांची रीत उकिडवं बसून, वरून सोडलेला दोर धरून जोर करायची. तिथल्या आरोग्यसेवकांनी सुइणींशी आणि बायकांशी बोलून दवाखान्यातच दोर टांगला, बाक ठेवला, घरच्यांना आत येऊ दिलं, त्यांची भाषा बोलायला सुरुवात केली. 1999 मध्ये तिथली शंभरातली 6 बाळंतपणं दवाखान्यात होत. 2007 पर्यंत ती 83 झाली. नुसत्या दोरानं हे झालं नाही, पण ज्या दारात आपला अपमान होत नाही त्या दारात बाई येते, एवढं यातून कळतं.

तिसऱ्या उशिराकडेही पाहावं लागेल. बाई वेळेत आली, राहिली, अंगण ओलांडून आत गेली, आणि आत रक्ताची पिशवी नाही, सिझर करणारे हात नाहीत, तर तिनं ते आठवडे कशासाठी घालवले? मूल अडलेली बाई तीन दिवसांनी जगली तरी पुष्कळदा मूल गेलेलं असतं, आणि मुलाच्या डोक्याच्या दाबानं मूत्राशयाची जागा मरून तिथे भोक पडतं. मग लघवी सतत गळत राहते, वास येतो, नवरा सोडतो, लोक टाळतात. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर दांपत्य 1959 मध्ये अदिस अबाबाला गेलं ते दुसऱ्याच कामासाठी. पण अशा बायका पाहिल्या आणि तिथेच राहिलं. 1974 मध्ये त्यांनी फक्त याच दुखण्यासाठी रुग्णालय काढलं. 2020 मध्ये वारलेल्या कॅथरीनबाईंनी उतारवयात, 2007 मध्ये, सुइणींना शास्त्रशुद्ध शिकवणारं महाविद्यालयही सुरू केलं. जन्मभर जखमा शिवलेल्या बाईला, जखम होऊच नये म्हणून काय लागतं ते नेमकं ठाऊक होतं.

देश म्हणून इथिओपिया पुढे सरकला आहे. 2000 मध्ये तिथली शंभरातली 5 बाळंतपणं दवाखान्यात होत, 2019 मध्ये 48. मातामृत्यूंचा अंदाज 2000 च्या पाहणीत लाखामागे 871 होता, 2016 च्या पाहणीत 412. या बदलाचं सगळं श्रेय वाट पाहायच्या घरांना देता येणार नाही. 2003 पासून तीस हजारांहून अधिक तरुणी पगारी आरोग्यसेविका म्हणून गावोगाव नेमल्या गेल्या, आणि तो वाटा माझ्या मते अधिक मोठा आहे. आवारातलं घर मोकळं आहे, हे डोंगरावरच्या बाईला अखेर त्यांच्यापैकीच एकजण जाऊन सांगते.

आपल्याकडेही हे घर आहे, आणि नाव फार नेमकं आहे: माहेरघर. राज्यातल्या आदिवासी भागांतल्या काही प्राथमिक आरोग्यकेंद्रांच्या आवारात ते असतं. गरोदर बाईनं दिवस भरत आले की तिथे येऊन राहायचं, लहान मूल आणि सोबतीचं एक माणूस घेऊन. गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून ज्यांचे दिवस त्या सुमारास भरतात त्यांना पूर यायच्या आधीच आतल्या गावांतून हलवावं लागतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत म्हणजे तरी काय होती? काम सुटावं, चार घास कोणी आयते द्यावेत, आणि कळा येतील तेव्हा आपलं माणूस उशाशी असावं.

इथिओपियात मूल झालं की घरातल्या बायका गेन्फो शिजवतात. जवाच्या पिठाचा घट्ट गोळा, मधे खळगा, खळग्यात तूप आणि लाल तिखट. आपल्या डिंकाच्या लाडवासारखंच, बाळंतिणीच्या हक्काचं. दवाखान्यात गेलं तर हे मिळणार नाही, ही तिथल्या बायकांची जुनी तक्रार. म्हणून काही केंद्रांनी आवारात चूल मांडली, आणि गेन्फो आता तिथेच शिजतो.