खाटेजवळची सोनोग्राफी : सुरक्षितता व प्रशिक्षण

सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत अपघातग्रस्तास जवळच्या दवाखान्यात आणले जाते, तेव्हा त्यास तेथेच ठेवावयाचे की छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात तातडीने पाठवावयाचे, हा निर्णय डॉक्टरांना काही मिनिटांत घ्यावा लागतो. पोटात रक्तस्राव होत आहे काय, याचा अंदाज अशा वेळी खाटेजवळ आणलेल्या सोनोग्राफी यंत्राने घेता येतो. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये या तंत्रावरील आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. त्या काळचे अवजड यंत्र आज तळहातावर मावते.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. ध्वनिलहरींचा प्रतिध्वनी पडद्यावर चित्ररूप घेतो. शरीराच्या ऊतींना त्यामुळे किंचित उष्णता मिळते. म्हणून आवश्यक तेवढीच शक्ती आणि आवश्यक तेवढाच वेळ वापरावा, असा दंडक आहे. प्रत्येक रुग्णानंतर प्रोब स्वच्छ करणेही अगत्याचे. परंतु रुग्णाच्या जिवावर बेतते ते चित्र चुकीचे वाचल्याने. साचलेले रक्त पडद्यावर बहुधा काळे दिसते. मात्र ते थोडे असेल किंवा आतड्यांतील वायू आड आला, तर नवख्या नजरेस काहीच आढळत नाही. रक्तस्राव नाही असे समजून रुग्णास थांबवून ठेवले, तर मोलाचा वेळ वाया जातो. याकरिता जाणकार डॉक्टर काही वेळाने तपासणी पुन्हा करतात.

केंद्र शासनाच्या २०१४ च्या नियमांनी एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण विहित केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही अट रद्द केली. त्या निर्णयास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्थगिती दिली. हा अभ्यासक्रम पोट व ओटीपोटापुरता आहे. हृदय व फुप्फुसाची तपासणी हे निराळे कौशल्य होय, हे अनेकदा विसरले जाते.

यंत्र हलके झाले, तसा गर्भलिंगनिदानासाठी त्याचा दुरुपयोगही सोपा झाला. याविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तो १९८८ चा. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. २०१२ च्या नियमानुसार सुवाह्य यंत्र केवळ नोंदणीकृत जागेत, दाखल रुग्णांसाठी, अथवा फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येते. घरोघरी यंत्र नेल्याचे आढळल्यास शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करता येते.