मांजराचे जठर व आम्लशामक औषधे

मांजर हा मांसाहारी प्राणी होय. मांसातील प्रथिनांचे पचन सुरू व्हावे यासाठी त्याच्या जठरात तीव्र आम्ल स्रवते. जठरास व्रण पडला असता मात्र हेच आम्ल तो भरून येऊ देत नाही. अशा वेळी पशुवैद्य ओमेप्राझोल हे औषध देतात. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे जे सूक्ष्म पंप असतात, त्यांचे कार्य ते बंद पाडते.

परंतु शरीर स्वस्थ बसत नाही. आम्ल कमी होताच गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते व जठरास अधिक आम्ल स्रवण्यास चेतविते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी मांजरांना 60 दिवस ओमेप्राझोल दिले असता ही वाढ स्पष्ट दिसली. मांजरे अवघी सहा होती, हे खरे. आता औषध एकाएकी थांबविले, तर पंप मोकळे होतात, गॅस्ट्रिन मात्र ओसरलेले नसते. आणि आम्ल पूर्वीपेक्षाही अधिक स्रवू शकते. म्हणून तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ दिलेले औषध हळूहळू कमी करीत बंद करावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांनी 2018 साली सुचविले. मालकाने ते आपल्या मनाने तोडू नये.

मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्या मांजरांस ही औषधे दीर्घकाळ देण्याचा प्रघात पडला होता. अशा मांजरांच्या जठरातील आम्लता प्रत्यक्ष मोजून पाहिली, तेव्हा ती निरोगी मांजरांहून अधिक नसल्याचे आढळले.