गेले की परत येणे नाही : मंगळावरची वस्ती आणि आपली संमती

अभ्यासिकेत बसणारी मुलेमुली अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. मंगळावर माणसे कायमची राहायला जाणार आहेत म्हणे, त्यासाठी नाव देता येते का? घरातली मोठी माणसे हसून विषय सोडून देतात. आम्हाला वाटते की विषय सोडू नये. या प्रश्नात आरोग्याचा एक मोठा धडा आहे, आणि तो मंगळावर न जाणाऱ्यांच्याही उपयोगाचा आहे.

काय घडले होते?

२०१२ मध्ये नेदरलँड्समधील 'मार्स वन' या संस्थेने जाहीर केले की, ती मंगळावर माणसांची वस्ती उभारणार. जाणाऱ्याने परत यायचे नाही, तिथेच जगायचे आणि तिथेच मरायचे. २०१३ मध्ये जगभरातून अर्ज मागवले गेले. अर्जाला शुल्क होते. दोन लाखांहून अधिक लोकांनी नावे दिली असे संस्था सांगत होती. शुल्क भरून अर्ज पूर्ण करणारे मात्र काही हजारच होते, हे पुढे उघड झाले. २०१५ च्या फेब्रुवारीत १०० जणांची यादी आली. तिच्यात भारतातलेही तिघे होते.

यादीतल्याच एका शास्त्रज्ञाने त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले की, संस्थेचे कोणीही त्याला प्रत्यक्ष भेटले नव्हते. संगणकावरून सुमारे १० मिनिटांची मुलाखत झाली, तेवढीच. वैद्यकीय तपासणीही प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरकडून करून अहवाल पाठवायचा होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये या योजनेचा हिशोब तपासला. योजना सांगितली तशीच राबवली, तर सुमारे ६८ दिवसांत पहिल्या तुकडीतील माणसे गुदमरू लागतील, असा निष्कर्ष निघाला. २०१९ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील न्यायालयाने या योजनेची कंपनी दिवाळखोर ठरवली. एकही माणूस गेला नाही.

शरीराचे काय होते?

कंपनी बुडाली तरी मंगळाचे स्वप्न बुडालेले नाही. म्हणून शरीराचे काय होते ते नीट समजून घेऊ.

हाडे : मंगळापर्यंतचा प्रवास सहा ते नऊ महिन्यांचा. यानात वजन जाणवत नाही, त्यामुळे हाडांवर भार पडत नाही. भार नाही म्हणून हाडे झिजतात. कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. म्हणून अंतराळ स्थानकातले लोक रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. मंगळावर आपले वजन इथल्या ३८ टक्केच भरेल. एवढा भार हाडांना जन्मभर पुरेल का, याचे उत्तर विज्ञानाकडे अजून नाही.

रक्त : आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी नष्ट होतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. १४ अंतराळवीरांच्या अभ्यासात दिसले की, अंतराळात हा आकडा सुमारे ३० लाखांवर जातो. रक्त कमी असले की काय होते हे आपल्या घरातल्या आयाबहिणींना सांगायला नको. जिना चढताना धाप लागते, काम उरकत नाही.

किरणोत्सर्ग : छातीच्या एका साध्या एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग शरीराला लागतो. 'क्युरिऑसिटी' हे यान २०११-१२ मध्ये मंगळाकडे जात असताना त्यावरील यंत्राने रोज सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट मोजला. म्हणजे दिवसाला १८ एक्स-रे, तेही महिनोन्‌महिने. मंगळावर उतरल्यावर तो रोज सुमारे ०.७ इतका भरला. तिथली हवा फारच विरळ आहे, त्यामुळे आडोसा मिळत नाही. कर्करोगाचा धोका यातूनच वाढतो.

माती : मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत. ते पोटात गेले तर थायरॉईड ग्रंथीच्या कामात अडथळा येतो. त्या मातीत भाजी पिकवायची तर आधी माती धुवावी लागेल.

बाळंतपण : वस्ती म्हटली की लेकरे आली. अंतराळात आजवर एकही मूल जन्मलेले नाही. कमी वजनाच्या जगात गर्भ कसा वाढेल, हे कोणी पाहिलेले नाही.

डॉक्टर कुठून आणायचा?

पृथ्वीवरून मंगळावर निरोप पोहोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला कधी पाऊण तास जाईल. यान सोडण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते, तोवर संपलेले औषध मिळणार नाही.

१९६१ मध्ये अंटार्क्टिकावरील सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह हे एकटेच डॉक्टर होते. त्यांच्याच अपेंडिक्सला सूज आली. बर्फाच्या वादळामुळे विमान येऊ शकत नव्हते. त्यांनी जागा बधिर केली, सोबत्यांना हत्यारे आणि आरसा धरायला लावले आणि स्वतःचे पोट स्वतः उघडून सुमारे पावणेदोन तासांत शस्त्रक्रिया केली. ते वाचले आणि पुढे घरी परतले. मंगळावर जाणाऱ्याला ते पुढचे घरी परतणे नाही.

मनाचेही तसेच आहे. मॉस्कोमध्ये २०१० ते २०११ या काळात सहा पुरुषांना ५२० दिवस बंद ठेवून मंगळाच्या प्रवासाचा सराव केला गेला. ते जमिनीवरच होते, दार उघडले तर बाहेर शहर होते. तरीही वागण्यात बिघाड नाही आणि मनाला त्रासही नाही, असे सहांपैकी दोघेच निघाले. इतरांपैकी काहींची झोप बिघडली, एकाला उदासीने घेरले.

स्वेच्छा म्हणजे काय?

'ते आपल्या मर्जीने जातात, मग आपल्याला काय?' असे कोणी म्हणेल. मर्जी कशाला म्हणायचे हे वैद्यकशास्त्राने मोठी किंमत मोजून ठरवले आहे. नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या प्रयोगांच्या खटल्यानंतर, १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नियम लिहिले गेले. माणसाला सगळे सांगितलेले हवे, दबाव नको, आणि प्रयोग सुरू झाल्यावरही त्याला बाहेर पडता आले पाहिजे.

शेवटची अट नीट पाहा. यान सुटले की तिकडे जाणाऱ्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. तीस वर्षांच्या माणसाने दिलेला होकार त्याच्या पन्नाशीतल्या शरीरालाही बांधून टाकतो. म्हणून अशा होकाराची परीक्षा इतर होकारांपेक्षा कितीतरी कडक हवी. दहा मिनिटांच्या मुलाखतीत ती होत नाही.

हाच नियम आपल्या दारातही लागू आहे. औषधाच्या चाचणीसाठी कोणी वस्तीत माणसे शोधत आले, तर २०१९ चे भारतीय नियम आपल्या बाजूने आहेत. आपल्याला समजेल त्या भाषेत सगळी माहिती मिळाली पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. कारण न सांगता कधीही चाचणी सोडता येते. सही किंवा अंगठा देण्यापूर्वी कागदाची प्रत मागून घ्या, घरी आणा, शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

घरात बोलायचे प्रश्न

१. मला काय होऊ शकते, हे कोणी स्पष्ट सांगितले आहे का?
२. सांगणाऱ्याचा यात पैसा गुंतला आहे का?
३. मला नको वाटले तर मागे फिरता येईल का?
४. मी कशाच्या ओढीने चाललो आहे, की कशापासून पळतो आहे?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विज्ञानाच्या ओढीने मंगळाचे नाव घेणाऱ्या मुलीला हसू नका. तिला गणित, भौतिकशास्त्र, वैद्यक शिकू द्या. आपल्या देशाचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले, ते अशाच शिकलेल्या माणसांच्या बळावर. पण एखादा मुलगा 'इथे माझे कोणी नाही, कायमचा निघून जातो' असे म्हणत असेल, तर ती ग्रहाची ओढ नाही, ते मनाचे दुखणे आहे. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तिथे मराठीत बोलता येते. फोन लावून त्याच्या हातात द्या आणि तो बोलत असेपर्यंत शेजारीच थांबा.